सटवाईचा कागद

आमच्या खानदेशात मूल जन्मले की पाचव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. लहानपणी मला या देवीचे मोठे कुतूहल होते. आता त्या कोऱ्या कागदामागची भीती दिसते. पहिल्याच आठवड्यात किती बाळे हातची जात असतील, तेव्हा कुठे आयाआज्यांना अशी एक रात्र नेमून घ्यावीशी वाटली असेल!

हल्ली सटवाईच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवसांनंतर आणखी एक बाई घरी येते. तिच्याही हाती कागद आणि लेखणी असते. ती गावची आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा तिच्या ६ खेपा. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक अधिक. म्हणजे आपला सव्वा महिना पुरता संपेपर्यंत. ती हात धुते, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, काखेत थर्मामीटर लावते आणि घड्याळ धरून श्वास मोजते. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक भरले, की तो धोका समजायचा.

ही रीत काही परदेशातून आलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या साध्या बायकांना हेच शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले आणि २०११ साली भारत सरकारने आशांमार्फत ही रीत देशभर नेली.

एवढे असून पुष्कळ घरी तिची बोळवण दारातूनच होते. "बाळ झोपेल शे, नंतर ये व माय!" ती पोलिओवाली, नाहीतर काहीतरी लिहून घ्यायला आलेली, एवढीच आपली ओळख. शिवाय ओल्या बाळंतिणीच्या खोलीत परके माणूस नको, हा म्हाताऱ्यांचा कटाक्ष. त्यातही शहाणपण आहेच; नाजूक जिवाला बाहेरची बाधा लवकर होते. पण बाधेला अडवणारीच दाराबाहेर राहिली तर काय करायचे?

पारोळ्याकडच्या आमच्या गावची आशा ही माझी जुनी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, ती एका घरून दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा घरची माणसे शेतात होती. आत एकटी पोर आणि तिचे सात दिवसांचे लेकरू. खानदेशची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. बाळाचे तळपाय गार, रडणे क्षीण, सकाळपासून अंगावर प्यालेले नाही. तिने ते आईच्या उघड्या छातीशी धरवले, वरून गोधडी घातली आणि १०२ ची गाडी बोलावली. दोन दिवसांनी मला म्हणाली, "सर, ते बाळ रडत नव्हतं, म्हणून सगळ्यांना गुणी वाटत होतं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. जे बाळ त्रास देत नाही त्याच्याकडे कोण पाहणार? आपण बाळंतविडा घेऊन जातो, नाक कोणावर गेले ते बोलतो, चहा पिऊन उठतो. आपले पाहणे कौतुकाचे. तिचे पाहणे निराळे, ते तिला शिकवलेले आहे.

ते बाळ आता अंगणभर धावते. तेव्हा तुमच्या घरी, शेजारी, लेकीच्या सासरी पाळणा हलला, तर पाचवी खुशाल पुजा. पण तिसऱ्या दिवशी दारात आशाताई उभी राहिली की तिला आत घ्या, हात धुवायला पाणी द्या आणि बाळ झोपले असले तरी तिच्या पुढ्यात ठेवा.