निनावी हातांचं ऋण

अमरावतीत पाट्या रंगवता रंगवता मी तसबिरींच्या कामाला लागलो. फोटोवर चौकटी आखून चेहरा कॅनव्हासवर मोठा कसा करायचा, हे माझ्या गुरुजींनी पक्कं करून घेतलं होतं. चेहरा जुळला की गिऱ्हाईक खूश. म्हणून सगळी मेहनत चेहऱ्यावर जाई; कपडे, हात, मागची भिंत हे नंतर भरायचं काम. माणूस त्याच्या हातांतून, उभं राहण्यातूनही ओळखू येतो, हे मला कळलं जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज विजरईंच्या चित्रांपुढे.

तिथे संत फ्रान्सिस आसिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर विजरई आणि गव्हर्नर ओळीने लावलेले होते. बहुतेक जण पूर्ण उभे. वर घराण्याचं चिन्ह, खाली नाव आणि कारकीर्द. सतराव्या शतकातल्या सरदारांपाशी माझे पाय थबकले. रुबेन्स, व्हॅन डाइक यांनी युरोपात सरदार रंगवण्याची जी रुबाबदार रीत रूढ केली, तिचाच हा मांडवीकाठचा पडसाद. चिलखतावर उजेडाची एक बारीक रेघ, आणि तेवढ्याने लोखंडाला गोलाई आलेली. मूठ अधिकारदंडावर. 1683 साली संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याला घेरलं, तेव्हा कोंद द आल्व्होर या विजरईने आपला दंड संत झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला होता, हे मी वाचलेलं. त्या मुठी पाहताना ते आठवलं. दंडावरची पकड जरा सैल काढली, तर अख्खा माणूस बदलेल, हे तिथे उमगलं.

ही मालिका 1547 साली दों जुआंव द कास्त्रू याने सुरू केली. आपल्या आधीच्या सर्व गव्हर्नरांची चित्रं त्याने काढून घेतली. ते काम बखरकार गास्पार कोरैया याच्याकडे होतं. रंगवणारा मात्र इथल्याच मातीतला. कोरैयाने त्याच्या अंगच्या कसबाची नोंद केली, नावाची केली नाही.

पुढे एका शाळेसाठी गाडगेबाबांचं चित्र काढायचं काम आलं. बाबांनी 1956 साली अमरावतीजवळच देह ठेवला. त्यांची कीर्तनं ऐकलेली माणसं तेव्हा गावात होती. त्यातल्या एका आजोबांना मी खराटा धरून दाखवायची विनंती केली. ते कमरेत वाकले, अंगठा मुठीवर घट्ट दाबला, मनगट खाली झुकवलं. मी आधी तो हात काढला, मग अंगावरच्या चिंधीन् चिंधीचा वेगळा रंग, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. दंडावरची मूठ पाहिली नसती, तर खराट्यावरची मला दिसली नसती.

अकोल्यातल्या एका जुन्या घरी पणजोबांची काळवंडलेली तसबीर दुरुस्तीला निघाली. "भाऊ, आबाजीले जरा गोरं करून द्या, अन् फेटा नवा करा," घरच्यांनी सांगितलं. विजरईंच्या चित्रांवर पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा रंग चढवले आणि मूळ काम थरांखाली गाडलं गेलं, हे मी त्यांना सांगितलं. ते समजूतदार निघाले. मी फक्त कापसाच्या बोळ्याने धूर आणि धूळ हलक्या हाताने काढली. गालावर देवीचे व्रण वर आले. घरातली आजी जवळ आली, बराच वेळ पाहत राहिली, आणि म्हणाली, "हेच आबाजी."

त्या गोमंतकीय चित्रकाराने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी ज्यांना रंगवलं, ते परक्या मुलखातून आलेले सत्ताधीश होते. त्यांच्या सत्तेबद्दल मला ममत्व नाही. पण रंगवणाऱ्यांनी आपलं काम इमानाने केलं, आणि शेकडो वर्षांनी वऱ्हाडातल्या एका पेंटरचा हात त्यावर घडला. त्यांची नावं मला घेता येत नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा चेहरा काढू देत नाही. समोर कोणाला तरी बसवून त्याचे हात काढायला लावतो. हे ऋण फेडण्याची मला एवढीच वाट सापडली आहे.