दुधाच्या रेघा

मी एका पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. कोणाकडून किती येणं आहे, किती थकलंय, जामीनदार कोण, हे दिवसभर डोळ्यांसमोर असतं. पण माझ्या स्वतःच्या डोक्यावर जे आहे ते मांडायला बसलो की पहिल्याच ओळीला अडतो. त्या कर्जाला ना रक्कम, ना मुदत, ना जामीनदार. ते मी बारामती-इंदापूरच्या मधल्या पट्ट्यात, एका गावच्या तालमीत घेतलं आणि देणाऱ्यांपैकी एकानंही ते आजवर मागितलेलं नाही.

आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. वर बारामतीच्या अंगाला ऊस उभा असायचा आणि आमच्याकडं पाळी येईस्तोवर बाजरी करपायची. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला तालमीत नेऊन सोडलं तेव्हा वस्तादांनी माझी मान चाचपली, मनगट मुठीत धरून पाहिलं आणि माझ्याविषयी काही न विचारता दादांना विचारलं, "घरी दुभतं हाय का?"

"एक शेळी हाय."

"बरं. बघू."

कुस्तीत दूध-तुपाचा प्रश्न आधी येतो, डाव नंतर. ज्या घरात खुराक नाही तिथलं पोर कितीही चपळ असलं तरी दोन वर्षांत वाळून जातं. वस्तादांना हे ठाऊक होतं आणि तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. फी हा शब्द त्या तालमीत मी कधी ऐकला नाही.

तालीम म्हणजे पत्र्याची लांबट खोली. मधे हौदा, कोनाड्यात शेंदराचा मारुती, भिंतीला जोडी-मुद्गल टेकवलेले, वर मारुती माने आणि गणपत आंदळकरांचे काचेतले फोटो. आम्ही दहा-पंधरा पोरं तिथंच सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे चारला उठायचं. आधी खोऱ्यानं हौदा उकरायचा, कारण रात्रभरात माती बसते आणि बसलेल्या मातीवर पडलं की बरगडी बोलते. मग जोर, बैठका, सपाट्या. मग लढत. त्यानंतर ज्याची पाळी त्यानं कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून थंडाई करायची. शाळेत पहिल्या तासाला आम्ही बसल्या जागी डुलक्या घ्यायचो आणि मास्तर काही म्हणायचे नाहीत. तेही कधीकाळी त्याच हौद्यात लोळलेले.

माती साधी नसते. तांबडी माती चाळून घ्यायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव कालवायचं. खरचटलं तर तीच माती जखमेला लावायची. एवढ्या वस्तू कुठून यायच्या, तर गावातून. ताक एका घरचं, लिंबं दुसऱ्याच्या बांधावरची, कापूर किराणावाल्याकडचा. त्या वयात मला वाटायचं, हौदा आपोआप भरतो.

वस्ताद स्वतः शेतकरी. उसाला पाणी द्यायला रात्रीची लाईट असायची. ते मध्यरात्री मोटार चालू करायचे, सरीला बारं धरायचे आणि पायाचा चिखल न धुता पहाटे तालमीत हजर. ओरडणं कमी. डाव सांगायचे तेही तोंडानं नाही. ढाक, मोळी, कलाजंग, एकलंगी ही नावं आम्ही एकमेकांकडून शिकलो. वस्तादांचा सगळा भर खडाखडीवर होता. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटं धरायची, मानेवर हात टाकायचा आणि डोळे मिटायचे. "डोळ्यानं बघू नगं, हातानं बघ," एवढंच. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो आता पुढं झेपावणार की मागं सरणार, हे त्याच्या मनगटातून हाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर. हे समजायला मला फार वेळ लागला. पण एकदा हाताला कळलं ते गेलं नाही. आजही वसुलीला गेल्यावर थकबाकीदार हात मिळवतो, तेवढ्यावर मला अंदाज येतो की हा देणार आहे की तारीख सांगणार आहे.

खूप पुढं चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागौ या गावाबद्दल वाचलं. शेतकऱ्यांचं गाव. सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगपासून तिथली ताई-चीची परंपरा सांगतात आणि आज जगभरातून लोक तिथं राहून शिकायला येतात. आपल्याकडं ताई-ची म्हणजे बागेत म्हाताऱ्यांनी हळू हात हलवणं अशी समजूत आहे. पण तिच्यात तुईशोऊ नावाचा जोडीनं करायचा सराव असतो. हाताला हात लावून उभं राहायचं, समोरच्याचा जोर कुठून येतोय ते ओळखायचं, तो अडवायचा नाही, वाट द्यायची आणि त्याच्याच जोरानं त्याला तोलातून काढायचं. वाचता वाचता मी मोठ्यानं म्हणालो, ही तर वस्तादांची खडाखडी. २०२० मध्ये युनेस्कोनं ताई-चीला मानवजातीच्या वारशात घेतलं. आमच्या वस्तादांना युनेस्को म्हणजे काय ते माहीत नाही आणि त्यानं त्यांचं काही अडलेलंही नाही.

हात शिकावेत म्हणून ते आणखी एक करायचे. आषाढवारीत तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. बेलवाडीचं रिंगण झालं की वस्ताद आम्हाला तेलाच्या बाटल्या देऊन वारकऱ्यांकडं पिटाळायचे. पाय चोळायला. पुण्याहून चालत आलेल्या म्हातारीच्या पोटरीत गाठ कुठं बसलीय ते अंगठ्याला सापडलं पाहिजे. आम्हाला ते पुण्यकर्म वाटायचं. वस्तादांच्या लेखी ती सकाळची मेहनतच होती. बहुतेक दोन्ही खरं असावं.

माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा एक गडी तालमीत होता. डाव पक्का व्हायचा तर कोणीतरी पडावं लागतं. एकदा नाही, रोज, पुन्हा पुन्हा, अंग सोडून, शिकणाऱ्याच्या हाताला पडण्याचा वेग कळेल असं. वस्ताद त्याला म्हणायचे, "ह्याला घे अंगावर," आणि तो मला अंगावर घ्यायचा. मी पट काढायचो, तो पडायचा. मी ढाक लावायचो, तो पडायचा. त्याचा स्वतःचा सराव माझं झाल्यावर. जत्रेच्या फडात मी पहिल्यांदा रेवड्यांवरची कुस्ती केली, पुढं नारळावरची, मग पन्नास-शंभर रुपयांच्या इनामाची. हलगी कडाडायची, लोक मला खांद्यावर घ्यायचे आणि ते इनाम वस्ताद तालमीच्या खुराकात टाकायचे. त्या गड्याला मात्र कोणी खांद्यावर घेतल्याचं मला आठवत नाही. आता तो ट्रॅक्टरवर असतो, हंगामात भवानीनगरच्या कारखान्याला ऊस ओढतो. त्याची मान अजून दुखते. त्या दुखण्यातले काही डाव माझे आहेत. चौकात भेटला की चहाचे पैसे देण्यावरून आमची झटापट होते आणि त्यातही तोच जिंकतो.

आता दुधाचं.

तालमीच्या मागं वस्तीवर एक बाई राहायच्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. दारात दोन म्हशी. ज्यांच्या घरून दूध यायचं नाही त्यांचा रतीब मावशींकडं. त्यांना लिहिता येत नव्हतं. चुलीतला कोळसा घेऊन त्या भिंतीवर रेघ ओढायच्या, एक लिटर एक रेघ, प्रत्येक पोराची वेगळी ओळ. महिनाअखेरी घरचं माणूस येऊन पैसे देई आणि रेघांवर आडवी काट बसे.

२००३ चा दुष्काळ आमच्या तालुक्यानं अंगावर काढला. दादांनी बैलं चारा छावणीत बांधली आणि स्वतः तिथंच मुक्काम टाकला. महिनाअखेरी कोणी आलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. कडबा मिळेना, पेंड परवडेना, मावशींनी एक म्हैस विकली. मी दूध बंद करा म्हणून सांगायला गेलो तर त्यांनी तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "आधी पी. मग बोल." दूध पिऊन झाल्यावर मला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. रेघा वाढत राहिल्या, कोनाड्याच्या खाली गेल्या, दाराच्या चौकटीपर्यंत आल्या.

दिवाळीच्या आधी गेलो तर भिंत चुन्यानं पांढरी केलेली.

"मावशी, रेघा गेल्या की."

"भिंत काळी झाली हुती," त्या म्हणाल्या आणि कासंडी घेऊन गोठ्यात गेल्या.

आमच्या धंद्यात कर्ज निर्लेखित करायचं तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, लेखापरीक्षकाला कारण द्यावं लागतं. मावशींना चुन्याची पुडी पुरली. दादांनी पुढं पैसे नेऊन दिले तेव्हा किती ते दोघांनाही सांगता येईना. काहीतरी देणं-घेणं झालं. बाकी तशीच आहे.

२००५ मध्ये महाराष्ट्र केसरी इंदापुरात भरली आणि सईद चाऊस जिंकले. पुढच्या वर्षी ती बारामतीला आली आणि अमोल बुचडे केसरी झाले. १९६१ पासूनची ही स्पर्धा, मामासाहेब मोहोळांच्या नावाची चांदीची गदा, आणि ती लागोपाठ दोन वर्षं आमच्या अंगणात. वस्तादांनी आम्हा सगळ्यांना नेलं. पोरांच्या माना पैलवानांकडं आणि वस्ताद बोट दाखवायचे भलतीकडं. "त्याच्या मागं टॉवेल घिऊन कोण हुबा हाय ते बघा." दर कुस्तीला हेच. त्या वेळी याचा कंटाळा यायचा.

खाशाबा जाधवांची गोष्ट तिथून रात्री परतताना टेम्पोत त्यांनी सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, पैसे जमवले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. पोरं पदकाबद्दल विचारत होती. वस्ताद घराबद्दल बोलत होते.

मला खाशाबांचा हेवा वाटतो, तो पदकासाठी नाही. त्यांच्या देण्याला आकडा होता. सात हजार, फेडले, सातबारा मोकळा. माझ्याकडं आकडाच नाही. कुस्तीत मी जत्रेच्या फडापलीकडं गेलो नाही. गुणी पोरं कोल्हापूरला गंगावेश, मोतीबागेत गेली, कोणी पुण्याला. मी बी.कॉम. केलं.

पहिला पगार झाला तेव्हा पाकीट घेऊन वस्तादांकडं गेलो. ते ओसरीवर दावं वळत बसले होते. पाकिटाकडं पाहिलं, म्हणाले, "कशाचे?" मला उत्तर देता येईना. थोड्या वेळानं म्हणाले, "हौद्याला तेल कमी पडलंय. डबा घिऊन ये." मी डबा आणला. त्यांनी तो माझ्याच हातानं मातीत ओतायला लावला आणि खोरं दिलं. तेव्हापासून दर वर्षी नागपंचमीच्या आधी मी डबा नेतो. ते कधी बस म्हणत नाहीत आणि कधी आठवणही करून देत नाहीत.

मावशी आता थकल्या आहेत, म्हशी नाहीत. तालमीत पोरं कमी झालीत, पण आहेत आणि त्यातली निम्मी तरी दूध नसलेल्या घरची आहेत. तेव्हा हे वाचणाऱ्यांना एक मागणं आहे. तुमच्या गावात तालीम असेल तर जत्रेच्या फ्लेक्सला वर्गणी देता त्यातली थोडी कापा आणि एका पोराचा दुधाचा रतीब लावा. पोर कोणतं ते वस्ताद सांगतील. पैसे पोराच्या हातात देऊ नका, थेट दूधवाल्याकडं भरा आणि निदान वर्षभर तरी बंद करू नका.