कटिंग खोडू नकोस

पद्मानगर, भिवंडी

चि. बाळ्या,

काल तुझ्या हॉटेलातला नवा दरफलक वाचला आणि घरी आल्यावर जेवण गेलं नाही. कटिंग गायब, नुसता 'रेग्युलर टी'. वर पोरांना ताकीद, की ऑर्डर ओरडायची नाही, गावंढळ वाटतं. अरे, हॉटेलांची ही बोली आली कुठून, हे मागे तूच विचारलं होतंस ना? मग ऐक.

ती खिशातून आली. अख्खा चहा परवडेना, म्हणून अर्धा ग्लास, ती कटिंग. इराण्याकडे दाट, कडक चहा हवा तर 'पानी कम'. चहा-कॉफी एकत्र ती 'मारामारी'. कागदी बिलं नव्हती तेव्हा वेटर गल्ल्याकडे हाक द्यायचा, "पुढचा चष्मा, बारा आणे!" तीच पावती. बारमध्येही बोली मापाचीच: 750 मिलीचा खंबा, 375 चा अध्धा, 180 ची क्वार्टर. चपटीची ओळख आपल्या घरात नव्याने करून द्यायला नको. तुझ्या आईला अजून तो शब्द सहन होत नाही.

आणि आपली भिशी! बायका पैसे जमवतात ती भिशी सगळ्यांना ठाऊक. पण लूमवर बारा तासांची पाळी करून कामगार पैसे भरून जेवतो, ती खाणावळही इथे भिशीच. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगण, कुठकुठची माणसं इथे येतात. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, पण कटिंग सगळ्यांना कळते. तो शब्द गेला की अर्धा चहा जातो, आणि अर्ध्या चहाचा माणूस तुझ्या पायरीवरूनच परततो. त्याने बसायचं कुठे?

शब्द टाकायचाच असेल, तर कामाच्या पोराला मारतात ती 'बारक्या' ही हाक टाक. 14 वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांवर ठेवायला ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. मोरीपाशी ग्लास विसळणारा तो मुलगा केवढा आहे? काल विचारलं, तर तू हसून विषय बदललास. ते हसणं मला आवडलं नाही. त्याच्या बापाचे माग बंद आहेत, हे मला कळतं. म्हणून तर घोर जास्त लागतो. लूम थांबले की आधी पोरांच्या शाळा सुटतात, हे आपण दोघांनी पाहिलंय.

फलकावर कटिंग पुन्हा लिही. आणि जूनमध्ये त्या पोराचं नाव शाळेत घाल. फी-वह्यांचं मी बघतो.

तुझा,
मामा