भाचीसाठी पाहिलेले गाव

हार्टफर्डहून उत्तरेला निघालेला महामार्ग कनेक्टिकट नदीची सोबत फारशी सोडत नाही. तासाभराच्या या वाटेवर आधी स्प्रिंगफील्ड लागते. बास्केटबॉलचा खेळ १८९१ साली याच शहरात जन्मला. पुढे होलिओक येते. एके काळी हे कागदाच्या गिरण्यांचे शहर होते, आणि कालव्यांच्या काठी विटांच्या लांबच लांब गिरण्या अजून उभ्या आहेत. तिथे नदी ओलांडली की साउथ हॅडली. एक चौक, चार दुकाने, एक पुस्तकांचे दुकान आणि रस्त्यापलीकडे लोखंडी फाटक. फाटकाच्या आत माउंट होलिओक कॉलेज.

एप्रिल २०२३ ची गोष्ट. रमजान चालू होता. मी लेकाकडे हार्टफर्डला आले होते आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. होकार किंवा नकार १ मेपर्यंत कळवायचा होता. भाची चिपळूणला, तिचे अब्बा कुवेतला. दोघांनाही कॉलेज पाहण्यासाठी अमेरिकेला येणे परवडणारे नव्हते. भाचीने फोनवर सांगितले, "खाला, तुम्ही तिथेच आहात ना? मग तुम्हीच बघून या. पण फोटो नकोत, फोटो मी पाहिलेत. तिथे मी राहू शकेन का ते सांगा."

तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक हे छोटे कॉलेज, जेमतेम बावीसशे विद्यार्थिनींचे. दुसरे एक मोठे सरकारी विद्यापीठ, त्याहून पंधरा-वीस पट मोठे आणि नातेवाइकांनी नाव ऐकलेले. घरात वादाचा विषय मात्र वेगळाच होता. 'लिबरल आर्ट्स' हे नाव ऐकून आमच्या एका चाचांनी कपाळाला हात लावला. "नव्वद टक्के मिळवलेली पोरगी आर्ट्सला? तेही अमेरिकेत जाऊन?" आपल्याकडे आर्ट्स म्हणजे ज्याला सायन्स मिळाले नाही त्याची बाजू, हे डोक्यात इतके पक्के बसले आहे की समजावणे कठीण होते. लिबरल आर्ट्समध्ये गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र सगळे येते. मध्ययुगात याचे जे सात विषय मानले जात त्यात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्या बरोबरीने अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्रही होते. आज त्याचा अर्थ एवढाच, की सतराव्या-अठराव्या वर्षी मुलाला एका खणात कोंबायचे नाही. दोन वर्षे निरनिराळे विषय चाखू द्यायचे, दुसरे वर्ष संपेपर्यंत मुख्य विषय ठरवायचा आणि चार वर्षांत पदवी घ्यायची. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि मुख्य-दुय्यम विषय आणले आहेत, त्यामागेही हीच कल्पना आहे.

फाटकातून आत गेल्यावर समोर घड्याळाचा मनोरा दिसतो. इमारतीला मेरी लायनचे नाव आहे. या बाईंची हकिकत मला तिथे जाण्यापूर्वी ठाऊक नव्हती. शेतकऱ्याची मुलगी, रसायनशास्त्र शिकवणारी शिक्षिका. मुलींसाठी मुलांच्या तोडीची उच्च शिक्षणसंस्था हवी म्हणून हिरव्या मखमलीची पिशवी घेऊन ती गावोगावी फिरली आणि वर्गणी गोळा केली. काही बायांनी नुसते काही सेंट दिले, तेही तिने घेतले. नोव्हेंबर १८३७ मध्ये संस्था उघडली तेव्हा ८० मुली होत्या. शिक्षण आणि राहणे-जेवण मिळून वर्षाचे ६० डॉलर. फी इतकी कमी ठेवता आली, कारण स्वयंपाक आणि झाडलोट मुली स्वतः करीत. पुण्यात सावित्रीबाई मुलींना शिकवू लागल्या ते साल १८४८. उस्मान शेखांचे घर आणि फातिमाबींची साथ आपल्या वाचकांना माहीत आहेच. दोन्हींमध्ये अंतर अकरा वर्षांचे. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, त्यामुळे आवारातच असलेल्या मेरी लायनच्या कबरीपाशी थोडा वेळ थांबावेसे वाटले.

आवार फिरवून दाखवायला तिथलीच एक विद्यार्थिनी होती. अमेरिकेतली ही मुले पाहुण्यांकडे तोंड करून उलटे चालत माहिती देतात आणि कशालाही अडखळत नाहीत. रोजा असल्यामुळे मला दम लागत होता, म्हणून ती हळू चालली. दोन तळी, जुन्या दगड-विटांच्या इमारती, वाचनालयाचा उंच छताचा वाचनकक्ष. झाडांना अजून पालवी फुटली नव्हती. दरवर्षी शरद ऋतूत एका सकाळी अचानक घंटा वाजते, त्या दिवशी सगळे वर्ग बंद असतात आणि मुली जवळच्या माउंट होलिओक डोंगरावर चढून जातात. ही प्रथा १८३८ पासूनची आहे. दिवस आधी कुणाला सांगत नाहीत. तिने हे इतक्या आनंदाने सांगितले, की परीक्षेचे विचारायचे मी विसरलेच होते. विचारल्यावर कळले की सत्राच्या शेवटच्या परीक्षा मुली ठरलेल्या दिवसांत आपल्या सोयीची वेळ निवडून देतात, आणि ते सचोटीच्या शपथेवर चालते. चिपळूणच्या बारावीच्या केंद्रावर भरारी पथक पाहिलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

एका वर्गात मागे बसू दिले. इतिहासाचा तास होता. चौदा मुली आणि प्राध्यापिका एकाच लांबट टेबलाभोवती. प्राध्यापिका बोलल्या असतील दहा मिनिटे, बाकी वेळ मुलीच. एकीने वाचून न आल्याचे तिच्या उत्तरावरूनच सगळ्यांना कळले. तिला कुणी रागावले नाही, पण पुढचा प्रश्न पुन्हा तिलाच आला. आमच्या शाळेत एका वर्गात सत्तर मुले असत. त्यात हुशार पण लाजरी मुलगी तिसऱ्या बाकावर वर्षभर गप्प बसू शकते, पेपर चांगला लिहून पुढे जाऊ शकते. माझी भाची तशीच आहे. तिच्या ज्युनिअर कॉलेजात एका तुकडीत एकशेवीस मुले होती आणि दोन वर्षांत एकाही सरांना तिचे नाव ठाऊक झाले नाही. इथे लपायला बाकच नाही. छोटे कॉलेज म्हणजे सोपे, घरगुती, मायेचे असे पालक समजतात. मला तर ते जास्त कडक वाटले. इथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर पहिल्या वर्षाचे वर्ग सोपवत नाहीत, शिकवायला प्राध्यापकच असतात. साधारण नऊ-दहा विद्यार्थिनींमागे एक प्राध्यापक पडतो. मोजलेला पैसा मुख्यतः त्यासाठी असतो. छोट्या कॉलेजात वर्गही खरोखर छोटे आहेत का, हे मात्र जाऊन किंवा विचारून पाहावे लागते, कारण माहितीपत्रकात सगळेच हसत असतात.

इथून काय होऊन बाहेर पडतात, हा चाचांचा प्रश्न. एक नाव मी त्यांच्यासाठी वहीत लिहून आणले. व्हर्जिनिया अपगार, १९२९ ची पदवीधर, विषय प्राणिशास्त्र. पुढे त्या डॉक्टर झाल्या. बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात त्याचा श्वास, हृदयाचे ठोके, रंग, हालचाल आणि प्रतिसाद पाहून दहापैकी गुण देतात तो 'अपगार स्कोअर' त्यांचाच. चाचांच्या तिन्ही नातवंडांच्या दवाखान्याच्या कागदावर तो लिहिलेला असणार. दुसरे नाव फ्रान्सिस पर्किन्स. १९०२ साली इथून भौतिकशास्त्र घेऊन पदवी, आणि १९३३ मध्ये अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. तिथल्या वृद्धांना जे सरकारी निवृत्तिवेतन मिळते त्या १९३५ च्या कायद्यामागे याच बाई होत्या. भौतिकशास्त्रवाली कामगारमंत्री!

राहण्याचे म्हणाल तर, एलियट हाउस नावाच्या इमारतीत सर्व धर्मांच्या मुलींसाठी सोय आहे. तिथे नमाजची खोली आहे आणि एक जपानी चहागृहही. जोहर मी तिथेच अदा केली. जेवणघरात कोशर आणि हलाल असा एकत्र विभाग आहे. पदार्थांची चव सांगता येत नाही, रोजा होता. जवळची मोठी मशीद वेस्ट स्प्रिंगफील्डला आहे, त्यासाठी गाडी लागते. आणखी एक गोष्ट मी बहिणीला स्पष्ट सांगितली. 'मुलींचे कॉलेज' ऐकून ती निर्धास्त झाली होती, पण हे काही पडद्याचे ठिकाण नाही. शेजारच्या कॉलेजांतली मुले इथे वर्गाला येतात, इथल्या मुली तिकडे जातात.

ही शेजारची कॉलेजे हाच या खोऱ्याचा खरा विशेष. माउंट होलिओक, नॉर्थॅम्प्टनचे स्मिथ, अ‍ॅमहर्स्ट गावातले अ‍ॅमहर्स्ट कॉलेज, हॅम्पशर कॉलेज आणि मॅसॅच्युसेट्सचे प्रचंड सरकारी विद्यापीठ अशा पाचांनी १९६५ मध्ये संघ केला. एकीत नाव असले तरी विषय दुसरीकडे घेता येतो, पुस्तक कुठल्याही वाचनालयातून मागवता येते आणि विद्यार्थ्यांना बस फुकट. आपले कॉलेज लहान, पण हाताशी विषय हजारो. आम्हीही दुपारी अ‍ॅमहर्स्टला गेलो आणि तिथल्या कॉलेजच्या भूशास्त्र संग्रहालयात एक गंमत पाहिली. १८०२ साली साउथ हॅडलीत प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला नांगरताना दगडावर मोठ्या पक्ष्यासारखी पावले सापडली. लोक म्हणाले, हा तर हजरत नूह यांच्या नौकेवरचा कावळा. पुढे अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचे एडवर्ड हिचकॉक यांनी अशा हजारो पाऊलखुणा जमवल्या आणि त्या प्राचीन प्रचंड पक्ष्यांच्या आहेत असे मांडले. त्या निघाल्या डायनासोरच्या. ते दगड आता तिथे भिंतीवर टांगलेले आहेत, बघायला पैसे पडत नाहीत.

हॅम्पशरचे नाव मात्र दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. १९७० मध्ये सुरू झालेले हे कॉलेज गुण देत नाही, प्राध्यापक प्रत्येक मुलाचे लेखी मूल्यमापन करतात. शिकवण्याबद्दल नावाजलेले, पण गाठीला पैसा कमी. २०१९ मध्ये त्यांच्यावर अशी वेळ आली की नवी तुकडी जवळजवळ घेतलीच नाही. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांचा डोलारा दान केलेल्या निधीवर उभा असतो. मूळ रक्कम राखायची आणि उत्पन्न खर्चायचे, आपल्याकडच्या वक्फसारखेच. अ‍ॅमहर्स्टचा निधी ३ अब्ज डॉलरच्या वर, माउंट होलिओकचा साधारण १ अब्ज. मुलाला मदत किती मिळेल आणि चार वर्षे कॉलेज टिकेल का, दोन्ही यावर ठरते. म्हणून छोटे कॉलेज निवडताना सुंदर तळ्याआधी हा आकडा पाहावा.

आता पैसा. वर्षाचा छापील खर्च ८० हजार डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ६५ लाख रुपये. मेरी लायनचे ६० डॉलर कुठे आणि हे कुठे. पण हा आकडा वाचून कागद मिटू नये. घरचे उत्पन्न, जमीन, भावंडांचे शिक्षण असे सगळे तपशील भरून दिले की कुटुंबाला किती झेपेल हे कॉलेज ठरवते आणि उरलेले भरून काढते. अ‍ॅमहर्स्टमध्ये परदेशी मुलाचा अर्ज वाचतानाही ऐपत पाहत नाहीत. माउंट होलिओकमध्ये पाहतात, पण प्रवेश दिला तर ठरलेली गरज पूर्ण भागवतात. भाचीच्या अब्बांनी कुवेतच्या पगाराच्या पावत्यांपासून चिपळूणच्या घरपट्टीपर्यंत सगळे जोडले होते. मोठ्या विद्यापीठाची छापील फी कमी होती, पण मदत काहीच नव्हती, त्यामुळे तेच महाग पडत होते. हे गणित कुणी आधी सांगितले असते तर चाचांशी अर्धे वाद झाले नसते.

तरीही घरच्यांनी भरायची रक्कम मोठी होती. बँकेचे शैक्षणिक कर्ज म्हणजे व्याज, आणि भाचीचे अब्बा त्यावर ठाम. त्या वर्षी कुवेतला ईद २१ एप्रिलला झाली, आपल्याकडे २२ ला. ते एक दिवस आधी मोकळे झाले आणि आमच्या हार्टफर्डच्या घरी फोन केला. त्यांनी फक्त एक विचारले, "आपा, तुम्ही शिक्षिका आहात. ती तिथे बोलायला लागेल?" मी म्हणाले, बोलावेच लागेल. पहिले सहा महिने रडेल. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ आहे, चौकातली दुकाने रात्री लवकर बंद होतात, तिकडेही रडेल. पण तिचे नाव सगळ्यांना ठाऊक असेल.

पैशाची तजवीज अशी झाली : माझ्या निवृत्तीच्या रकमेतून काही भाग कर्ज-ए-हसना म्हणून, काही तिच्या मामांकडून, आणि आठवड्याला काही तास कॉलेजातच काम. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजात वीस तासांपर्यंत काम करता येते. माझ्या बहिणीची अट एकच होती, पहिल्या थंडीची सुट्टी हार्टफर्डला माझ्या लेकाकडेच काढायची. होकार २७ एप्रिलला गेला.

पहिल्या सत्रात तिने कॅल्क्युलस, भूशास्त्र, लेखनाचा एक वर्ग आणि अरबी घेतले. अरबीचा वर्ग पाच कॉलेजांच्या संघातला आहे. आठ वर्षांची असताना तिने कुरआन पूर्ण वाचले होते, अर्थ कळत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात तिने आईला फोन करून सूरह फातिहाचे व्याकरण समजावले, आणि बहीण मला सांगत होती की बोलता बोलता पोरगी थांबतच नव्हती.