खाऱ्या वाऱ्यातला ओझोन

मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला आलेला पाहुणा छाती भरून श्वास घेतो आणि सोबतच्याला सांगतो, "घे ओढून, समुद्राच्या हवेत ओझोन असतो." ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातली. तेव्हा ओझोन मिळावा म्हणून लोक समुद्रकाठी जाऊन राहत. मालवणात ती कधी पोचली कोण जाणे, पण मुक्काम ठोकून बसली आहे. पाहुण्याच्या नाकात शिरतो तो वास मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा. शेवाळातलं आणि प्लवकांतलं गंधकयुक्त द्रव्य जीवाणू मोडतात, तेव्हा हा वायू सुटतो. ओझोनशी त्याचं काही नातं नाही.

ओझोनचा स्वतःचा वास मात्र उग्र. त्या वासावरूनच बासेलच्या क्रिस्टियान शोनबाइनने 1839 साली तो ओळखला आणि 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याचं नाव ठेवलं. मोजण्याची युक्तीही त्यानेच काढली. कागदाला पोटॅशियम आयोडाइड घातलेली खळ लावायची. ओझोन लागला की आयोडीन मोकळं होतं आणि कागद निळा पडतो.

हाच वायू वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर अतिनील किरण अडवतो. जमिनीलगत मात्र तो फुप्फुसं जाळतो, रबराला चिरा पाडतो आणि पानांच्या रंध्रांतून आत शिरून पीक खुरटवतो. भारताच्या 2009 च्या मानकानुसार आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत साधारण 50 भाग.

आम्हा हवेच्या रसायनवाल्यांची पंचाईत अशी, की या प्रदूषकाला धुराडं नसतं. तो कुणी सोडत नाही, तो हवेत तयार होतो. इंजिनाच्या तापलेल्या सिलिंडरमध्ये हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रिक ऑक्साइड होतो, त्याचा पुढे नायट्रोजन डायऑक्साइड. ऊन या डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन अणू तोडतं, तो साध्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड होतो. जमाखर्च शून्य! पण हवेत हायड्रोकार्बनची वाफ असली की तिच्यापासून पेरॉक्सी रेणू बनतात आणि ते ओझोन खर्च न करताच नायट्रिक ऑक्साइडचा डायऑक्साइड करून देतात. मग जमा वाढतच जाते. 1950 च्या सुमारास लॉस एंजलिसच्या धुरक्यातलं हे कोडं आरी हागेन-श्मिट यांनी सोडवलं. त्याआधी ते अननसाच्या वासाचं रसायन अभ्यासत होते.

वासाचा हा धागा थेट देवगडपर्यंत येतो.

हापूसच्या घमघमाटात ऑसिमीन नावाच्या टर्पीनचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वासावर बरंच काम केलं आहे. टर्पीनं हायड्रोकार्बनच. बांबूची बेटं तर उन्हात भरपूर आयसोप्रीन सोडतात. म्हणजे सिंधुदुर्गात सरपण झाडांनीच रचून ठेवलेलं आहे, काडी तेवढी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची. शहरातल्या गजबजलेल्या चौकात ही ऑक्साइडं इतकी असतात की नायट्रिक ऑक्साइड ओझोन खात राहतो. वाऱ्याच्या पुढच्या अंगाच्या हिरव्या गावात तो खाणारं कमी, म्हणून तिथे ओझोन चौकापेक्षा जास्त भरू शकतो. अशा स्वच्छ मुलखात ऑक्साइडाचा एकेक रेणू शहरातल्यापेक्षा जास्त ओझोन करून जातो. महामार्गावरची वाहनं, ट्रॉलरची डिझेल इंजिनं, हॉटेलांचे जनरेटर आणि शिमग्याच्या आगेमागे भाताच्या तरव्यासाठी होणारी भाजावळ यांचा हिशेब इथे मुंबईच्या मापाने करून चालत नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक जुनंच. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. पूर्वी शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडत. आता त्यांच्या वाटेने रात्रभर साठलेला धूर आणि वाफ जाते. ऊन चढलं की पाण्यावर ओझोन शिजू लागतो. झाडापानांत तो जितका पटकन मुरतो तितका पाण्यात मुरत नाही, म्हणून टिकतो आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांबरोबर किनाऱ्यावर परत येऊ शकतो. पाहुण्याचं म्हणणं अशा दिवशी खरं ठरतं, फक्त तो ओझोन जमिनीवरूनच गेलेला असतो.

लांबच्या प्रवासात मात्र समुद्र त्याला जिरवतो. समुद्राच्या पाण्यातही आयोडाइड असतं. ओझोन त्याच्यावर पडला की आयोडीन सुटतं आणि ते हवेत जाऊन आणखी ओझोन संपवतं. शोनबाइनचा कागद मोठा करून अंथरावा तसा अरबी समुद्र! दमट हवेत ऊन आणि पाण्याची वाफ मिळूनही ओझोन मोडतात. 1999 च्या जानेवारी ते मार्चमध्ये हिंदी महासागरावरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या 'इंडोएक्स' मोहिमेत आपलं 'सागर कन्या' हे संशोधन जहाजही होतं. तेव्हा विषुववृत्तापलीकडच्या स्वच्छ हवेत ओझोन अब्जात दहा भागांच्या आसपास आढळला, भारताच्या किनाऱ्याजवळ त्याच्या कित्येक पट.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ओझोन कोणत्या महिन्यांत चढतो हे महत्त्वाचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी 2014 साली मांडलेल्या अंदाजानुसार 2005 या एका वर्षात ओझोनमुळे देशातला सुमारे 21 लाख टन तांदूळ बुडाला. कोकणातलं पावसाळी भात त्यातून बरंचसं सुटतं. वायंगणीचं, म्हणजे उन्हाळी भात मात्र कोरड्या महिन्यांत, ओझोनच्याच हंगामात वाढतं, आणि आंब्याचा मोहोरही त्याच दिवसांतला.

जूनमध्ये वारा फिरतो. विषुववृत्तापलीकडून हजारो किलोमीटर पाण्यावरून आलेली हवा मालवणला धडकते, ढग ऊन झाकतात, 1 जूनपासून मासेमारीबंदीने ट्रॉलर बंदरात उभे राहतात. भाजलेल्या जमिनीत तरवा हिरवागार होतो. ओझोन सगळ्यात कमी असतो तो याच दिवसांत, आणि तेव्हा चिवल्याच्या किनाऱ्यावर छाती भरून श्वास घ्यायला पाहुणा नसतो.