बोल्टावरचे अक्षर

रविवार. साताऱ्याच्या एका स्नेह्यांच्या पडवीत उभी असलेली जुनी जीप पाहण्यास गेलो. नोंदणीच्या दाखल्यात ती महिंद्रांनी मुंबईस जोडलेल्या मुलकी विलीजच्या कुळातली म्हणून नमूद. दर्शनी जाळीच्या फटीही सात, लष्करी गाडीसारख्या नऊ नव्हेत. "काका, इंजिन डिझेलचं टाकलंय, टप नवा आहे, बाकी सगळी अस्सल!" स्नेह्यांचे चिरंजीव म्हणाले, बाकी काय उरले, हे मी विचारले नाही.

परंतु जाळी नि बॉनेट या वस्तू पागोट्यासारख्या, केव्हाही बदलता येणाऱ्या. कुळाची खातरजमा करावयाची तर सांगाड्यापाशीच जावे लागते. 1942 ते 1945 या युद्धकाळात फोर्डनेही विलीजच्याच नमुन्याबरहुकूम जीपगाड्या बांधल्या, तरी विलीजच्या सांगाड्याचा पुढला आडवा दांडा नळीसारखा वाटोळा, तर फोर्डचा पालथ्या पन्हळीसारखा चौकोनी. उताणा पडून रॉकेलच्या बोळ्याने चिखल, ग्रीस आणि रंगाचे तीन थर पुसता पुसता हाताला कंगोरा लागला, आणि सर्वांत खालच्या थराचा मळकट हिरवा रंग बोटांना चिकटून आला. मग शेजारच्या गंजलेल्या बोल्टाचे डोके किल्लीच्या टोकाने खरवडले, तो आपल्या मालाच्या अंगोपांगी आद्याक्षर उठविण्याची फोर्डची हौस तेथे शाबूत निघाली: बारीक, वळणदार 'एफ'.

एकटा बोल्ट उसना असू शकतो. पण दांडा आणि बोल्ट यांची जबानी एक पडत होती.

स्नेही मात्र चिंतातुर झाले. "म्हणजे आता दाखला दुरुस्त करून घ्यावा लागेल काय हो?"