उंबऱ्याच्या आत

शिर्डीच्या लक्ष्मीबाई शिंदे यांनी साईबाबांसाठी लगबगीने भाकरी करून आणली आणि बाबांनी ती समोरच्या कुत्र्याला घातली. लक्ष्मीबाई हिरमुसल्या. तेव्हा त्याची भूक आणि आपली भूक एकच आहे, असं बाबांनी त्यांना समजावलं. साईसच्चरितातली ही कथा आमच्या नगर जिल्ह्यात पोथी न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडताना त्याच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांनाही नमस्कार पोचतोच. भाकरीचा तुकडा घालायला इथलं घर कधी कचरत नाही. पण तो तुकडा उंबऱ्याबाहेर पडतो. कुत्रं गल्लीचं असतं, अंगणाचं असतं, वस्तीवर राखणीचं असतं. माजघरात त्याला जागा नसते.

आम्हा दोघांच्याही घरी तशीच रीत होती. शेल्टरमधून कुत्री आणली तीही ‘थोडे दिवस सांभाळू’ म्हणून. अशा तात्पुरत्या सांभाळाला तिथली मुलं फॉस्टर म्हणतात. भिंगारला सापडलेली, म्हणून तिचं नाव भिंगरी. रंग मातकट, कानाच्या टोकाला नसबंदीची खूण म्हणून बारीकसा छेद. गावठी, त्यात मादी, त्यात वाढलेली. अशा जनावराची चौकशी करायला फारसं कुणी येत नाही.

नव्या घरातल्या कुत्र्यासाठी शेल्टरवाले एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. भिंगरी आली ती थेट दिवाणाखाली गेली. आमच्यासमोर खायची नाही. दिवा मालवला की ताटली चाटल्याचा आवाज यायचा. खराटा उचलला की पोट जमिनीला टेकवायची. केरसुणीला भ्यायची नाही, खराट्यालाच. तिच्या मागच्या आयुष्यातलं आम्हाला एवढंच कळलं, आणि तेवढं पुरे होतं. मग अंगण झाडायची वेळ आम्ही बदलली.

डॉक्टरांनी दूध-पोळी बंद केली, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा आणि द्राक्षं तर विषच. गोचीड बोटांच्या चिमटीत चिरडायची नाही, तोंडाशी धरून सरळ उपटायची, हेही शिकलो. तिच्यातून येणारा ताप जीवघेणा ठरू शकतो. पहाटे सामसूम असताना पट्टा लावून फिरायला नेऊ लागलो. ती भिंतीकडेने चालायची, आणि परतीच्या वळणावर तिची पावलं झपझप पडायची.

भुंकणं मात्र नव्हतंच. शेल्टरमध्येही तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. एका दुपारी दाराची बेल वाजली आणि भिंगरी दिवाणाखालून सुसाट निघाली. उंबऱ्याच्या आत चारी पाय रोवून बाहेरच्यावर भुंकली, चांगली खणखणीत. तोवर हे घर ती आमचं समजत असावी. त्याच आठवड्यात आम्ही दत्तक घेण्याच्या कागदावर सह्या केल्या.

शेल्टरमधली तिची जागा लगेच भरली, कारण रस्त्यावरून कुत्री येतच राहतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांची लोकांना वाटणारी भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. म्हणूनच कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत नसबंदी, लस आणि जिथून उचललं तिथेच परत सोडणं, असा मार्ग आहे. पण ते काम पोचायच्या आधीच भाद्रपद पोचतो. त्या दिवसांत गाभण राहिलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर. आई गाडीखाली गेलेली पिल्लं मग खोक्यांतून शेल्टरला येतात. लसी पूर्ण होण्याआधी ती गर्दीत राहिली आणि पार्व्हो शिरला, तर एकामागून एक दगावतात. त्यांना त्या वेळी काही आठवड्यांपुरतं का होईना, एखादं घर लागतं.

यंदा मार्गशीर्षात तसा फोन आला. पिल्लांना मागची खोली द्यायची ठरलं आहे. लसी होईपर्यंत दार बंद ठेवायचं, आणि भिंगरीला आधी त्यांच्या अंथरुणाचा वास द्यायचा.